चुलीला चौथा दगड कशाला?

(१९८५च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, शाळेच्या सभागृहात नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे.)



मला संयोजकांनी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक, मुलांना शोध आणि नवनिर्मिती म्हणजे काय ते सोपं करून सांग. दोन, एक वाजता तांबडा-पांढरा तयार आहे, त्याच्या आत संपव. पहिलं जमेल का ठाऊक नाही. दुसरं मी नक्की पाळणार, कारण मागच्या रांगेत बसलेली माझी तुकडी चाळीस वर्षांपूर्वीही मधल्या सुट्टीची घंटा होण्याआधी डबा उघडायची.

सुरुवात याच इमारतीतल्या एका प्रसंगानं करतो.

आम्ही नववीत होतो. प्रयोगशाळेच्या कपाटावर एक बंद पडलेला टेबल फॅन होता. आमच्या विज्ञानाच्या सरांनी तो एका शनिवारी खाली काढला आणि आम्हा चौघांना म्हणाले, "खोला." आम्हाला वाटलं, चेष्टा करतायत. तोवर कुठल्याही वस्तूला हात लावला, की घरी आणि शाळेत एकच वाक्य ऐकू यायचं, "मोडशील!" इथं तर मोडलेलीच वस्तू हातात दिली होती. सरांनी आधी फॅनच्या वायरची पिन काढून स्वतःच्या खिशात टाकली, म्हणजे आम्ही काहीही केलं तरी शॉक बसायचा प्रश्न नाही. मग खुर्ची ओढून वही तपासत बसले.

आम्ही फॅन खोलला. आत वंगण सुकून काळं मेण झालं होतं. ते खरवडलं, रॉकेलनं पुसलं, शिलाई मशीनचं तेल घातलं आणि सगळं परत जोडलं. दोन स्क्रू शिल्लक राहिले, ते गुपचूप खिशात गेले. सरांनी पिन जोडली, बटण दाबलं आणि फॅन फिरला! आम्ही ओरडलो. पण वारा काही येईना. कागद धरून पाहिला, तर तो पात्याकडं ओढला जात होता. फॅन उलटा फिरत होता.

आता मार बसणार, असं वाटलं. सर उठले, फॅनसमोर उभे राहिले आणि एवढंच विचारलं, "का उलटा फिरला?"

उत्तर त्यांना माहीत होतं. आम्हाला नव्हतं. आत दोन वेगवेगळ्या गुंडाळ्या असतात, त्यातल्या एकीच्या दोन वायरींची आम्ही अदलाबदल केली होती. हे कळायला आम्हाला पुढचे दोन शनिवार लागले. सरांनी ते दोन्ही शनिवार दिले. सर आज इथं पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, ते दोन स्क्रू माझ्याकडंच होते. आज कबूल करतो.

आता विषयाकडं येतो.

तुमच्या परीक्षेत एक प्रश्न ठरलेला असतो, 'जोड्या लावा : शोध आणि शास्त्रज्ञ'. त्यात गुरुत्वाकर्षण असतं आणि टेलिफोनही असतो. न्यूटननं गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला, बेलनं टेलिफोनचा शोध लावला. क्रियापद एकच, 'शोध लावला'. पण जरा विचार करा. न्यूटनच्या आधी आंबे झाडावरून खाली पडत नव्हते का? पडतच होते. बेलच्या आधी टेलिफोन कुठं होता का? नव्हता. म्हणजे एका ठिकाणी असलेली गोष्ट सापडली, दुसऱ्या ठिकाणी नसलेली गोष्ट घडवली. आपण बोलताना दोन्हीला शोधच म्हणतो, त्यामुळं हा फरक आपल्या लक्षातच येत नाही.

पुस्तकात यासाठी वेगळे शब्द भेटतील. घडवलेल्या गोष्टीला आविष्कार म्हणतात आणि तिसरा एक शब्द आहे, नवोपक्रम किंवा नवोन्मेष. मला हे शब्द जड जातात, म्हणून मी माझ्यापुरते तीन साधे शब्द ठरवले आहेत : सापडणं, घडवणं आणि रुजवणं.

एकाच वर्षातली दोन उदाहरणं देतो. १८९५च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत राँटजेनना एक्स-रे सापडले. ते किरण त्यांनी बनवले नव्हते. निसर्गात तशी शक्यता होतीच, ती त्यांच्या नजरेस पडली. त्याच वर्षी २८ डिसेंबरला पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून लोकांना हलती चित्रं दाखवली. त्यासाठी त्यांनी एक यंत्र घडवलं होतं. पहिलं सापडणं, दुसरं घडवणं.

त्या यंत्रातली अडचण तुम्हाला सांगतो, कारण पुढं ती कोल्हापुरात येणार आहे. सिनेमा म्हणजे भराभर काढलेले फोटो. फिल्मची पट्टी भिंगामागून सरकत असते. ती सरकत असतानाच प्रकाश आत सोडला, तर सगळं फराटल्यासारखं उमटतं. म्हणून पट्टी भिंगामागं क्षणभर थांबली पाहिजे, मग झडप उघडून प्रकाश आत आला पाहिजे, झडप मिटली पाहिजे आणि मग पट्टी एक घर पुढं गेली पाहिजे. थांब, उघड, मीट, सरक. हे एका सेकंदात पंधरा-सोळा वेळा आणि तेही हातानं दांडा फिरवून! लुई ल्युमिएरला याची युक्ती सुचली ती शिलाई मशीनवरून. मशीनमध्ये कापड सलग सरकत नाही; सुई वर गेली की एक टाका पुढं सरकतं आणि थांबतं. घरात आई-आजी रोज जे पाहते, त्यातून सिनेमाचं यंत्र निघालं.

आता कोल्हापूर. तुमच्यातल्या किती जणांनी खरी कॉर्नरचा कॅमेऱ्याचा स्तंभ पाहिला आहे? ... बरेच हात वर आहेत. आणि तो कशासाठी उभारला आहे, हे किती जणांना माहीत आहे? ... आता कमी झाले. आमच्या तुकडीतलेही खाली आले, ते मी पाहिलं.

१८९० साली या गावात बाबूराव कृष्णराव मेस्त्री जन्मले. जग त्यांना बाबूराव पेंटर म्हणून ओळखतं. ते आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि दोघा भावांच्या डोक्यात सिनेमानं घर केलं. फाळक्यांनी आपला कॅमेरा लंडनहून आणला होता. कोल्हापुरातल्या दोन पेंटरांना ते कुठून परवडायचं? मग कॅमेरा इथंच करायचा, असं ठरलं. पण १९१६ साली आनंदराव गेले. काम अर्धवट राहिलं.

बाबूरावांनी ते सोडलं नाही. त्यांच्यासोबत विष्णुपंत दामले नावाचे त्यांचे शिष्य होते, यंत्रात हात चालणारे. या दोघांनी मिळून १९१८ साली कॅमेरा तयार केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. भांडवल उभं करायला तानीबाई कागलकरांनी मदत केली. १९२०मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं.

इथं एखादा हुशार मुलगा विचारेल, "काका, कॅमेऱ्याचा शोध तर आधीच लागला होता. मग बाबूरावांनी नवीन काय केलं?" प्रश्न अगदी रास्त आहे. जगाच्या हिशेबात कॅमेरा जुनाच होता. पेटंट मागायला गेले असते, तर मिळालं नसतं. पण ते 'थांब, उघड, मीट, सरक' स्वतःच्या हातानं जुळवताना त्या माणसांना जे कळलं असेल, ते विकत आणलेल्या डब्यातून कळलं नसतं. म्हणून पुढं काय झालं बघा. बाबूरावांनी 'सिंहगड'मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. सिनेमाची पोस्टरं स्वतः रंगवली. पडदे रंगवायची कला, नेपथ्य, यंत्र, प्रकाश या सगळ्यांची त्यांनी मोट बांधली. त्यांच्याच कंपनीत तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम या मंडळींनी १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली आणि पुढं दामले-फत्तेलालांनी 'संत तुकाराम' केला. एक कॅमेरा घडला आणि त्याच्या भोवती एक अख्खा धंदा, एक अख्खी कला या मातीत रुजली. याला मी रुजवणं म्हणतो. इंग्रजीत इनोव्हेशन म्हणतात ते हेच.

आणखी एक गोष्ट यातून घ्या. स्तंभ बाबूरावांच्या नावानं ओळखला जातो, ते योग्यच आहे. पण त्या कॅमेऱ्यामागं आनंदरावांचं स्वप्न होतं आणि दामल्यांचे हात होते. शोध एकट्याचा क्वचितच असतो. याबद्दल मला स्वतःबद्दल काही सांगायचं आहे. थोड्या वेळानं सांगतो, कारण ते सांगायला मला जरा धीर गोळा करावा लागणार आहे.

त्याआधी नदीवर जाऊ. पावसाळ्यात तुमच्या घरी रोज सकाळी कोणता आकडा पाहतात? बरोबर, राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. एकोणचाळीस फूट इशारा, त्रेचाळीस फूट धोका. हे इथल्या बालवाडीतल्या पोरालाही पाठ असतं. पण तो बंधारा कसा चालतो, हे कधी पाहिलंय?

धरण म्हटलं, की आपल्याला कायमची भिंत आठवते. कोल्हापुरी बंधाऱ्याला कायमची भिंतच नसते. नदीच्या पात्रात दगडी खांबांची रांग असते. खांबांना खाचा असतात. पावसाळा संपला, की त्या खाचांत लाकडी बरगे घालतात. बरग्यांच्या दोन ओळी करायच्या आणि मधल्या फटीत माती ठासायची. झाली भिंत. पाणी नदीच्या पात्रातच अडतं, त्यामुळं कुणाची जमीन बुडत नाही. दोन्ही काठचे शेतकरी पंपानं पाणी उचलतात. उन्हाळा सरला, की पहिल्या मोठ्या पावसाआधी बरगे काढून घ्यायचे. मग पूर येऊ दे, गाळ येऊ दे. सगळं खांबांमधून निघून जातं. वरून लोकांना पलीकडं जायला वाट मिळते, ती वेगळी.

यातली कोणती वस्तू नवीन आहे सांगा. दगडी खांब? जुना. लाकडी फळी? जुनी. माती तर त्याहून जुनी. नवीन आहे ती रचना, की दरवर्षी घालायची आणि दरवर्षी काढायची अशी भिंत. आपल्या नद्या चार महिने अंगावर येतात आणि आठ महिने आटत जातात. त्या स्वभावाशी भांडण्याऐवजी कुणीतरी त्याच्याशी जुळवून घेतलं. आज महाराष्ट्रभर सरकारी कागदात 'को. प. बंधारा' असं लिहितात. को. प. म्हणजे कोल्हापूर पद्धत. आपल्या गावाचं नाव चप्पल आणि मिसळीसोबत पाटबंधारे खात्याच्या फायलीतही आहे, याचा अभिमान बाळगा.

पण रुजवण्याची दुसरी बाजूही इथंच दिसते. बरगे वेळेवर घातले नाहीत, तर पाणी वाहून जातं. वेळेवर काढले नाहीत, तर पूर अडतो. बरगे चोरीला गेले, तर नुसते खांब उरतात. म्हणजे कल्पना कितीही चांगली असली, तरी ती दरवर्षी हातानं चालवणारी माणसं लागतात. ती माणसं थकली, की कल्पनाही बंद पडते. प्रदर्शनात पहिला नंबर आला आणि मॉडेल माळ्यावर गेलं, तर घडवणं झालं, रुजवणं राहिलं.

आजकाल एक शब्द फार ऐकू येतो, जुगाड. मला त्याचा राग नाही. अडलेल्या वेळी डोकं चालवणं ही आपली ताकद आहे. पण फ्यूजच्या जागी जाड तार घालणं हाही जुगाडच आणि त्यानं घर पेटतं. मी एक साधी कसोटी लावतो. तुमची युक्ती दुसऱ्या माणसाला, तुम्ही नसताना, दुसऱ्यांदा करता येते का? आणि ती करताना कुणाचा जीव धोक्यात जात नाही ना? दोन्ही उत्तरं बरोबर आली, तर तिला जुगाड म्हणू नका; तिची नीट मापं घ्या, चित्र काढा, वहीत तारीख घालून लिहा.

वहीवरून पेटंटचं सांगतो, थोडक्यात. आपल्या देशात पेटंट वीस वर्षांसाठी मिळतं. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. वस्तू किंवा पद्धत जगात आधी कुठंही नसलेली हवी, त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचणार नाही अशी हवी आणि उद्योगात वापरता यायला हवी. बदल्यात तुम्ही ती कशी करायची हे सगळं उघड करून लिहून द्यायचं असतं. म्हणजे पेटंट ही गुपित ठेवायची नव्हे, तर गुपित सांगायची किंमत आहे. आणि एक सावधगिरी : अर्ज करण्याआधी कल्पना प्रदर्शनात मांडली किंवा मोबाईलवर सगळीकडं पाठवली, तर 'आधी कुठंही नसलेली' ही अटच मोडू शकते. फुशारकी मारायच्या आधी जाणकाराला विचारा.

आणि सगळंच पेटंटमध्ये बसत नाही. कोल्हापुरी चप्पल कुणा एकाचा शोध नाही. पिढ्यान् पिढ्या कारागिरांनी ती घडवली. तिला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीनं तसलीच चप्पल दाखवली, तेव्हा आपल्याकडं केवढा गदारोळ झाला, ते तुम्ही पाहिलंत. नंतर कंपनीनं मान्य केलं, की प्रेरणा भारतीय कारागिरांच्या चपलेची होती. भांडण पैशाचं होतंच, पण मुळात होतं नावाचं. हे कुणाचं, ते सांगा, एवढंच कारागीर म्हणत होते.

तेव्हा आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मीही तावातावानं लिहिलं होतं. लिहून झाल्यावर मात्र रात्री झोप लागली नाही. कारण हेच मी स्वतः केलं होतं. आता ते सांगतो.

डिप्लोमा करून काही वर्षं नोकरी केली आणि मग मी एमआयडीसीत छोटं मशीन शॉप टाकलं. १९९६च्या सुमाराची गोष्ट. फौंड्रीतून एक बिडाचं झाकण यायचं, त्याला ड्रिलिंग मशीनवर तीन भोकं पाडायची. काम सोपं. पण भोकं तिरकी जायची. झाकण ठेवायला फिक्श्चरमध्ये मी चार पोलादी टेकू दिले होते, चार कोपऱ्यांना चार. ओतीव वस्तूचा पृष्ठभाग कधीच एकसारखा सपाट नसतो, त्यामुळं प्रत्येक झाकण डुगडुगायचं. ऑपरेटर खाली पत्र्याचे तुकडे सरकवायचा. एवढं करूनही माल रिजेक्ट व्हायचा. ज्या कंपनीचं काम होतं, तिथून रोज फोन. मी रात्र रात्र बसून चारही टेकू एका पातळीत आणायचा प्रयत्न करत होतो.

आमच्याकडं एक वयस्क हेल्पर होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. चौथीपर्यंत शिकलेले. एका संध्याकाळी झाडू मारता मारता ते थांबले आणि मला म्हणाले, "सायेब, चुलीला चौथा दगड कुणी ठेवतंय व्हय?"

मी वैतागलेलो होतो. म्हटलं, "म्हणजे?"

"तीन दगडांवर पातेलं कसंबी ठेवा, डुगडुगत न्हाई. दगड खालीवर असू द्यात, पातेलं तिरकं बसंल, पर डुगडुगणार न्हाई. चौथा घातला की डुगडुगतंय."

मुलांनो, मी डिप्लोमात याच्यावर दहा मार्कांचा प्रश्न सोडवला होता. कोणतीही वस्तू पक्की टेकवायला तीन बिंदू पुरतात, हे मी पाठ लिहून पास झालो होतो. पण ते पुस्तकात होतं. माझ्या मशीनवर ते मला दिसलं नाही. मामांना दिसलं, कारण त्यांनी जन्मभर चुलीवरची भाकरी खाल्ली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही एक टेकू कापला. तीन टेकूंवर झाकण स्वस्थ बसलं. ड्रिल खाली आणलं, आणि झाकण फटकन कलंडलं. मी म्हटलं, झालं, फसलं. मामा वाकून बघत राहिले. म्हणाले, "डाव दगडांच्या बाहेर पडला तर पातेलं कलंडणारच की. भोक तिन्हींच्या आत पाडा." मग टेकूंच्या जागा बदलल्या, तिन्ही भोकं त्या त्रिकोणाच्या आत येतील अशा. चौथ्या खेपेला जमलं. आठवडाभरात तिरक्या भोकांची तक्रार संपली.

कंपनीचे इंजिनिअर बघायला आले. त्यांना फार आवडलं. त्यांनी विचारलं, "कुणाचं डिझाइन?" मी म्हटलं, "माझं."

मामा पाच फुटांवर उभे होते. त्यांनी ऐकलं. काही बोलले नाहीत. पाहुण्यांसाठी चहा आणायला गेले.

मी ड्रॉइंग काढलं, 'डिझाइन' लिहिलेल्या चौकटीत माझी आद्याक्षरं घातली. त्या फिक्श्चरमुळं आम्हाला पुढं बरंच काम मिळालं. मामांना मी त्या दिवाळीत बोनस जास्त दिला आणि मनाची समजूत घातली. पण बोनस म्हणजे नाव नव्हे. वीस-बावीस वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. ड्रॉइंग तसंच फायलीत राहिलं.

चपलेच्या गदारोळानंतर मी ती फाईल काढली. माझी आद्याक्षरं खोडली आणि त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, खाली दुरुस्तीची तारीख आणि सही. त्याची प्रत घेऊन त्यांच्या गावी गेलो. मामा आता ऐंशीच्या पुढं आहेत. चष्मा लावून त्यांनी कागद पाहिला. म्हणाले, "आता कशाला ह्ये, सायेब?" मला उत्तर सुचलं नाही. मग त्यांनी कागदाची घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "र्‍हाऊ द्या. नातवाला दावतो. त्यो डिप्लोमाला हाय."

आज इथं त्यांचं नाव घेऊ का, असं विचारलं होतं. नको म्हणाले. म्हणून घेत नाही. पण ड्रॉइंगवर आहे.

मुलांनो, शोध म्हणजे काय, याची व्याख्या तुम्ही परीक्षेत लिहालच. मी तुम्हाला व्याख्येबाहेरचं सांगतो. अडचण बघायला शिका. घरात आई कुठं वाकते, बाबा कुठं वैतागतात, शेतात कुठं हात भरून येतो, तिथं थांबून 'का' विचारा. उत्तर कुणाकडंही असू शकतं, झाडू मारणाऱ्याकडंही. उत्तर मिळालं, तर करून बघा. पहिल्यांदा फसेल. आमचं झाकणही पहिल्यांदा कलंडलं होतं. आणि जमलं, तर ज्यानं सुचवलं त्याचं नाव त्याच दिवशी, शाईनं लिहा. उशीर केला, तर काय होतं ते मी सांगितलं.

आता शेवटचं, हे माझ्या तुकडीसाठी. आमच्या ग्रुपवर तीन महिने वाद चालला होता, की शाळेला भेट काय द्यायची. कुणी म्हणालं मोठा टीव्ही, कुणी म्हणालं वॉटर कूलर, एकानं कमान सुचवली, तिच्यावर आमच्या तुकडीचं नाव. शेवटी आम्ही एक टेबल देतो आहोत. भक्कम लाकडी टेबल, त्यावर बाक-व्हाइस, पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, मल्टिमीटर. शेजारी एक मोठी पेटी. आमच्यातल्या प्रत्येकानं घरची बंद पडलेली एक वस्तू त्या पेटीत टाकायची आहे : मिक्सर, रेडिओ, घड्याळ, फॅन. मी माझ्याकडून एक टेबल फॅन आणला आहे. वायरच्या पिना मात्र मुलांकडं राहणार नाहीत. त्या, सरांच्या पद्धतीप्रमाणे, शिक्षकांच्या खिशात. आणि शेजारी एक वही. कुणाला काय सुचलं, कुणी काय करून पाहिलं, नाव आणि तारीख घालून.

मुख्याध्यापकांना एकच विनंती. आठवड्यातून एक तास त्या टेबलाजवळ 'मोडशील!' हा शब्द कुणी उच्चारू नये. सगळं आधीच मोडलेलं आहे.

सर, त्या फॅनचे दोन स्क्रू मी घरी खूप शोधले. सापडले नाहीत. त्यांच्याऐवजी नवे आणलेत. पेटीत टाकतो.

एक वाजायला पाच मिनिटं कमी आहेत. चला, जेवायला.